सोयापेंडीच्या जागतिक निर्यातीत भारताचा वाटा का घटला? शेतकऱ्यांनी भाव चढवला म्हणून का?

शेतकऱ्यांनी नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण याच वाक्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं गेली दहा वर्षं वाजतंय.

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका सॉल्व्हेंट प्लांटमध्ये, म्हणजे सोयाबीनचं तेल काढायच्या कारखान्यात, डिस्पॅच पाहायचो. 2008च्या आसपास देशातून वर्षाला 40 लाख टनांच्या वर डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, बाहेर जायची. व्हिएतनाम, जपान, इंडोनेशिया. जीएम (जनुकीय बदल केलेला) नसलेला माल, शिवाय आशियातल्या गिऱ्हाइकाला आमच्याकडून भाडं कमी पडायचं. त्या काळात एकदा ऐन लक्ष्मीपूजनाला अवकाळी पाऊस आला. कांडला बंदराला जायची मालगाडीची रेक अर्धी भरलेली, हमाल घरी गेलेले. पेंडीत ओल शिरली की ती तापते, बुरशी धरते आणि ते कळतं थेट बंदरात. मी रामबागेतली सात-आठ पोरं गोळा केली. रात्री दोनपर्यंत ताडपत्र्या ओढल्या, भिजलेली थप्पी वेगळी काढली. त्या रेकचं एकही पोतं परत आलं नाही. घरी पोचलो तेव्हा आई पूजेपाशी जागी होती.

2015च्या हंगामात त्याच धक्क्यावर आम्ही रिकामे बसलो. आधी रात्रपाळी बंद झाली, मग हमालांची अर्धी टोळी गेली. लागोपाठ दोन पावसाळे नीट झाले नव्हते, सोयाबीन कमी आलं. तिकडे ब्राझील-अर्जेंटिनात पिकाचे ढीग. ते हेक्टरी तीन टन काढतात, आपण जेमतेम एक. क्विंटलमागे तेल निघतं 18 किलो, बाकी बहुतेक पेंडच. म्हणजे आपली पेंड बाहेरच्या गिऱ्हाइकाला महाग पडून खपली नाही की प्लांट चालवून परवडत नाही. त्यात देशातला कोंबडीधंदा वाढला, तो पेंड इथेच उचलू लागला.

दादा म्हणतो, "तुमचा शेतकरी भाव बघून माल दाबून बसला." अरे, एकरी चार क्विंटल पिकवणाऱ्याने घरात ठेवलेला माल विकला असता तरी अर्जेंटिनाची बरोबरी झाली नसती! 2021मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं तेव्हा सरकारने 12 लाख टन जीएम पेंड आयात करायला परवानगी दिली आणि वर्षअखेरीस सोयाबीनचा वायदा बाजार (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केला. तेव्हा भाव पाडताना कुणी शेतकऱ्याला विचारलं? दादा, तू बँकेत होतास, कर्जाच्या फायली पाहिल्यास. मळ्यात वर्षानुवर्षं जवळपास तेच उत्पादन निघतंय, बियाण्यावर आणि पाण्यावर पैसा कुणी लावायचा होता?

एक मात्र खरं, वाटा दरवर्षी घटतच गेला असं नाही. 2023मध्ये अर्जेंटिनात दुष्काळ पडला आणि आमच्या पेंडीला पुन्हा गिऱ्हाईक आलं. तुम्ही टक्केवारी मांडणार असाल तर त्या त्या वर्षाशेजारी अर्जेंटिनाचं पीक लिहा, नाहीतर दादासारखाच हिशेब होईल.