आवाज टीव्हीत गेला, पडदा पाच मिनिटांत काळा

अरे, कॉम्प्युटरचा स्पीकर गप्प झाला आणि पडदा पाच मिनिटांत काळा होतो म्हणून लिनक्स काढून टाकायची घाई करू नकोस. नवी पेठेतल्या दुकानात टीव्हीवर चादरींची डिझाइनं दाखवायला तू एचडीएमआय केबल लावलीस, तेव्हाच बहुधा आवाज स्पीकरकडून टीव्हीकडे वळला. साउंड कार्ड बिघडलेलं नाही. सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघड, आउटपुट डिव्हाइस बदल. तिथे स्पीकर दिसतच नसेल तर ‘पावूकंट्रोल’ हा आवाज कुठे जातो ते ठरवणारा छोटा प्रोग्राम टाकून घे. त्याच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल एचडीएमआयवर अडकलेलं असेल, ते अ‍ॅनालॉग स्टीरिओ कर. उबुंटू या लिनक्समध्ये २२.१० पासून आवाज सांभाळायला पल्सऑडिओऐवजी पाइपवायर असलं, तरी पल्सऑडिओसाठी केलेलं हे जुनं अवजार त्यावरही चालतं. मला तर सेटिंग्जपेक्षा तेच आवडतं. तरीही शांतता? टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर उघड. आवाजाच्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं म्हणजे म्यूट, एम दाब. एवढ्यासाठी मी एकदा अख्खी दुपार घालवली होती, तीही सोलापूरच्या मे महिन्यातली, लाइट जाऊन-येऊन.

पडद्याचं सोपं आहे. ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, सेटिंग्जमधल्या ‘पॉवर’खाली स्क्रीन ब्लँक मुळात ५ मिनिटांवर असतं, ते ‘नेव्हर’ कर. ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ वेगळं असतं, तेही बंद कर, नाहीतर गिऱ्हाईक समोर असताना मशीनच झोपेल. पडदा काळा होऊ नये म्हणून नेटवर दिलेली एक्ससेटची कमांड डोळे मिटून चिकटवू नकोस. ती पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ साठीची, त्याच्या जागी आलेल्या वेलँडवर तिचा उपयोग नाही. आणि रात्री शटर ओढण्याआधी टीव्ही मात्र हातानेच बंद करायचा.