३१ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचं अल्ब्युमिन २.४ आलंय, माझं दूध कमी पडतंय का?

ताई, आधी रिपोर्टची उजवी बाजू बघा. ३.५ ते ५ असं छापलंय ना? ते माप मोठ्या माणसांचं आहे. त्याच मापाने मोजलं म्हणून तुमच्या बाळाच्या २.४ पुढे ‘कमी’ असं उमटलं. मी नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, हा कागद हातात धरून रडणाऱ्या आया रोज बघते.

अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन, ते यकृतात बनतं आणि पोटात जसजसे आठवडे भरतात तसतसं वाढतं. २८ आठवड्यांच्या बाळात ते १०० मिली रक्तरसात साधारण २ ग्रॅम असतं. पूर्ण दिवसांच्या बाळातही पुष्कळदा तीन-साडेतीनच. म्हणजे ३१ आठवड्यांना २.४ हे वयाला धरूनच आहे.

दूध पातळ आहे असं घरात कुणी म्हटलं असेल तर मनावर घेऊ नका. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे उलट प्रथिनं जास्त असतात. सिरिंज वर धरून नळीतून दोन-दोन मिली उतरताना ते थेंब किती मोलाचे असतात, हे मला ठाऊक आहे. वजन फारच कमी असेल तर डॉक्टर त्यात प्रथिनांची पूड मिसळायला सांगतात. ती त्यांनी सांगितली तरच. नुसता आकडा वर आणायला शिरेतून अल्ब्युमिन देत नाहीत.

काविळीकडे मात्र लक्ष हवं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, अल्ब्युमिनला धरून रक्तात फिरतं. धरायला जागा कमी पडली तर ते सुटं होऊन मेंदूपर्यंत जाऊ शकतं. म्हणून बिलिरुबिनच्या ज्या आकड्यावर पूर्ण दिवसांचं बाळ घरी जातं, त्याच आकड्यावर तुमच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतील. घाबरू नका.

रिपोर्टवरचं ग्लोब्युलिनही कमी दिसेल. रक्तातली प्रतिकारद्रव्यं याच प्रथिनांत मोडतात. आईची प्रतिकारद्रव्यं नाळेतून जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तुमचं बाळ ती शिदोरी पुरती भरायच्या आधीच निघालं. म्हणून हात धुतल्याशिवाय कुणालाच, अगदी आजीलाही, बाळ देऊ नका.

अंगावर सूज आली, पोट फुगलं किंवा वजन वाढेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी प्रत्येक रिपोर्टवर बाळाचे त्या दिवशीचे आठवडे आणि वजन पेनाने लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला डॉक्टर तेच विचारतील.