मुरमावर पडलेला प्लॉट

प्रश्न : मी एम.एस्सी. (कृषी) करते. रब्बी ज्वारीच्या 40 वाणांची चाचणी साध्या आरबीडीत (प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळी वाणं एकेकदा, चिठ्ठ्या टाकून), तीन रिप्लिकेशनमध्ये, म्हणजे तीनदा, घेतली. माझी आवडती ओळ (त्यातलंच एक वाण) दोन रिप्लिकेशनमध्ये मालदांडी या नेहमीच्या वाणाच्या वर आहे, तिसऱ्यात पार तळाला. सी.व्ही. (आकड्यांतला विस्कळीतपणा, टक्क्यांत) 24 आला. सिनिअर म्हणतो, ‘स्पेशियल अ‍ॅनालिसिस (प्लॉटची शेतातली जागा धरून केलेलं विश्लेषण) लाव, सुधारेल.’ ही आकड्यांची मखलाशी तर नव्हे?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : मखलाशी नव्हे. पण ‘सुधारेल’ या शब्दाची मला धास्ती वाटते.

आधी सांगा, तिसऱ्या रिप्लिकेशनमध्ये तुमचा प्लॉट कुठे पडला होता? त्याचे शेजारी कसे आले? रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते. काळी माती एका टोकाला हातभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर खाली मुरूम, असं सोलापूरकडे एकाच तुकड्यात सर्रास सापडतं. म्हणून तर हलक्या जमिनीला फुले अनुराधा आणि भारीला फुले वसुधा, अशी वेगवेगळी शिफारस असते. आरबीडी मात्र धरून चालते की एका ब्लॉकमधली, म्हणजे एका रिप्लिकेशनमधली जमीन सारखी आहे. 40 प्लॉटांच्या ब्लॉकबद्दल एवढा भरवसा मी तरी ठेवणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीला आमची एक ओळ सलग दोन वर्षं पहिली आली. रँडमायझेशनचा कागद, म्हणजे कुठलं वाण कुठल्या प्लॉटमध्ये याच्या चिठ्ठ्यांची यादी, दोन्ही वर्षं तोच वापरला होता. आळस, दुसरं काय! तिसऱ्या वर्षी खुरपणीला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “बाई, हितं आमचा उकिरडा हुता.” पुढच्या हंगामात नवा कागद काढला. तो कोपरा दुसऱ्या ओळीला मिळाला आणि पहिला नंबरही तिकडेच गेला.

स्पेशियल पद्धत त्या मावशींचंच काम आकड्यांनी करते. ग्रीसमध्ये पापाडाकिस यांनी 1937 मध्ये सोपी वाट काढली : प्रत्येक प्लॉटमधून त्या वाणाची सरासरी वजा करा, शेजाऱ्यांचं जे उरतं त्यावरून इथली जमीन ताडा. शेजारी सगळेच आपापल्या सरासरीपेक्षा कमी आले असतील, तर दोष वाणाचा नाही, जागेचा. 1997 मध्ये गिल्मोर, कलिस आणि व्हर्बिला यांनी मांडलेल्या पद्धतीत शेतातल्या प्लॉटांच्या आडव्या ओळी आणि उभे रकाने या दोन्ही दिशांना शेजारच्या प्लॉटांमधला सहसंबंध वेगळा धरतात. लगतच्या प्लॉटशी तो 0.6 असेल, तर त्यापुढच्याशी 0.36, तिसऱ्याशी 0.22 च्या आसपास. दिशा वेगळ्या का? तुमचा प्लॉट बहुधा 45 सेंटिमीटरच्या तीन ओळींचा, चार मीटर लांब असेल. म्हणजे बाजूचा शेजारी 1.35 मीटरवर आणि टोकाचा चार मीटरवर. दोघांची माती तुमच्या प्लॉटशी सारखीच कशी जुळेल?

त्यासाठी प्रत्येक प्लॉटचा ओळ क्रमांक आणि रकाना क्रमांक लागतो. फील्डबुकात फक्त प्लॉट नंबर असेल आणि लेआउटचा कागद हरवला असेल, तर विषय संपला. कागद असेल तर वाणाची सरासरी वजा करून उरलेले फरक शेताच्या नकाशावर रंगवा, कमी आलेले प्लॉट लाल. हे एक्सेलमध्येही जमतं. लाल प्लॉट एका बाजूला गोळा झालेले दिसले, तरच पुढे जा. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘स्पॅट्स’ पॅकेज फुकट आहे. ब्लॉक मॉडेलमधून काढू नका. आणि मॉडेल निवडताना स्वतःच्या आवडत्या वाणाचा नंबर झाकून ठेवा. चार मॉडेलं लावून ज्यात ते वर येतं तेच ठेवलं, तर ती मात्र खरंच मखलाशी.

लाल प्लॉट विखुरलेले निघाले तर? मग तुमचं वाणच तिथे कमी पडलं, कबूल करा. उंच वाणाच्या सावलीत शेजारचं ठेंगणं वाण खुरटलं असेल, तर गणित उलटं बसतं; तेही तपासा. पुढच्या खेपेला 40 वाणांसाठी अल्फा डिझाइन (प्रत्येक रिप्लिकेशनचे लहान लहान ब्लॉक पाडणारी मांडणी) घ्या. पॅटरसन आणि विल्यम्स यांनी ते 1976 मध्ये अशाच मोठ्या वाणचाचण्यांसाठी दिलं.

एवढं करण्याआधी पहार घेऊन शेतात जा, दर दहा पावलांवर मुरूम किती खाली लागतो ते लिहून घ्या. आणि कडेच्या प्लॉटांची कणसं पाखरांनी खाल्ली असतील, तर तिथे शून्य उत्पादन लिहू नका. ती जागा कोरी सोडा.