अण्णांची ड्युटी

पत्र : ताई, माझे वडील 78 वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. मी शाळेत शिकवते, त्यांच्याजवळ मिरजेत राहते. रोज संध्याकाळी पाचला ते शर्ट घालून दाराशी उभे राहतात, "ड्युटीला जायचंय, गाडी सुटेल." अडवलं की अंगावर येतात. "माझी कॅश तू मारलीस" म्हणतात. अंघोळीला नकार. गेल्या आठ दिवसांत तर रात्रभर जागे, सारखा पायजमा ओढतात. परवा मी त्यांच्या हातावर चापट मारली. तेव्हापासून मला जेवण जात नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो, "फोनवर तर अण्णा ठणठणीत बोलतात." मी काय करू?

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट चापट नव्हे, 'गेल्या आठ दिवसांत' ही आहे. हा आजार महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी खाली नेतो. आठवड्यात माणूस एवढा बदलला तर आधी शरीरात काय बिघडलंय ते बघायचं. पायजमा ओढतात, म्हणजे लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल, पोट साफ होत नसेल. म्हाताऱ्या माणसाला यात ताप येईलच असं नाही. नुसता गोंधळ वाढतो. आणि दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. उद्याच डॉक्टरांकडे ने, लघवी तपासून घे. सर्दीची किंवा झोपेची एखादी नवी गोळी सुरू झाली असेल तर तीही दाखव, त्यांनीही डोकं भ्रमतं. झोपेसाठी दुकानातून परस्पर काही आणू नकोस. डॉक्टरांनी शांत करणारं औषध लिहिलंच तर किती दिवस आणि कधी बंद करायचं, हे तिथंच विचारून घे. या आजारात त्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो.

आता ड्युटी. तू त्यांना सांगत असशील, "अण्णा, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली." खरं आहे, पण उपयोग शून्य. माझ्या सासूबाई आरशातल्या बाईशी भांडायच्या. ती तुम्हीच आहात, हे मी त्यांना वर्षभर पटवत बसले. शेवटी आरशावर जुनी साडी टाकली आणि भांडण मिटलं. अक्कल उशिरा येते.

पाच वाजता दार अडवायचंच नाही. "कुठली गाडी आज, अण्णा?" एवढंच विचार. पंढरपूर म्हणाले तर थांबे विचार: कवठेमहांकाळ, नागज फाटा, जुनोनी, सांगोला... दुपारी काय जेवले ते आठवणार नाही, पण हे घडाघडा सांगतील. मग "गाडी लेट आहे, चहा घेऊन निघू" म्हणून हातात कप दे, नाहीतर चप्पल घालून खरंच एक फेरी मारून आण. हे खोटं बोलणं का, म्हणशील तर हो, आहे. मला त्यात पाप दिसत नाही. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लाव, पडदे ओढ. तिन्हीसांजेच्या सावल्यांनी ही माणसं बिथरतात. बाहेरच्या दाराला कडी वर, नजरेच्या टप्प्याबाहेर लाव, पण घरात ते एकटे असताना नको. खिशात तुझ्या नंबराची चिठ्ठी ठेव.

कॅशचं तर मला त्यांच्या बाजूने वाटतं गं. कंडक्टरच्या हिशोबात पैसे कमी पडले तर ते त्याच्याच खिशातून जायचे. जन्मभराची ती धास्ती आता तुझ्या नावावर चढलीय. "मी नाही घेतले" म्हणू नकोस. "कमी पडले का? चला, मोजू," म्हण. एका जुन्या पिशवीत चिल्लर नि दहा-दहाच्या नोटा ठेव, शेजारी बसून मोज, हिशोब जुळला म्हणून सांग. उद्या परत मोजावा लागेल, हे गृहीत धर.

अंघोळ रोज नसली तरी चालते. मुलीसमोर उघडं व्हायची लाजही असते त्यांना; कमरेला टॉवेल राहू दे, तांब्या त्यांच्याच हातात दे. नाहीच ऐकलं तर ओल्या कपड्याने पुसून घे.

राहिली चापट. चूक झाली, ते तुलाही कळलंय. पुन्हा हात शिवशिवला तर ते सुरक्षित बसलेत एवढं बघ आणि पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभी राहा. तू थकलीयस. बोलायला कुणीच नसेल तर 14416 या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

भावाशी वाद घालू नकोस. पाच मिनिटांच्या फोनवर सवयीची विचारपूस निभावता येते, म्हणून अण्णा त्याला ठणठणीत वाटतात. त्याला आठ दिवस बोलाव, अण्णांच्या दिवसभराचा चार्ट लिहून ठेव आणि तू मैत्रिणीकडे दोन रात्री जाऊन झोप. पाच वाजताची गाडी त्याला पकडू दे.

लघवीचा रिपोर्ट आला की मला कळव.