मोटारसायकलच्या स्पोकना गंज चढला आहे. घासून साफ करू, की सगळे बदलू?

तुम्ही लिहिलंय की गाडी बराच काळ बंद उभी होती, दोन्ही चाकांचे स्पोक तपकिरी पडलेत आणि काही निपल (स्पोकचं टोक रिमला धरणारे, फिरवून ताण कमीजास्त करायचे छोटे नट) जागचे हलत नाहीत. एक जण सांगतो ॲसिडने पुसा, दुसरा सांगतो सगळा सेट बदला. मला विचाराल तर आज यातलं काहीच करू नका. आधी गंज किती खोल गेलाय ते बघा. वरवरचा गंज निघून जातो आणि तो स्पोक पुढे कितीतरी वर्षं चालतो. पण ज्या स्पोकला गंजाने खड्डे पाडलेत तो घासून लख्ख केला तरी कमजोरच राहतो, आणि लख्ख झाल्यामुळे त्याचं कमजोर असणं नजरेतून सुटतं. मी जुन्या गाड्यांची चाकं हौसेने खोलतो आणि पुन्हा बांधतो. त्यात मला सगळ्यात जास्त काळजी अशाच चमकवलेल्या जुन्या स्पोकची वाटते.

खड्ड्याला एवढं का घाबरायचं, ते सांगतो. चाक बांधताना प्रत्येक स्पोक ताणून बसवलेला असतो. चाक फिरताना स्पोक खाली, जमिनीच्या बाजूला आला की त्याचा ताण कमी होतो आणि तिथून पुढे गेला की परत येतो. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये चाकाचे ५०० फेरे होतात. म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये त्याच एका तारेचा ताण ५० लाख वेळा कमीजास्त होतो. गुळगुळीत तार हे सोसते. खड्डा असेल तर सगळा जोर त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. म्हणून स्पोक बहुतेक वेळा मोठ्या दणक्याने तुटत नाही. साध्या रस्त्यावर चालता चालता एक दिवस सुटतो. मग त्याचा भार शेजारच्यांवर येतो, आणि ते तेवढेच गंजलेले असतील तर त्यांचाही नंबर लागतो.

आता तपासणी. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, चावी काढून खिशात. मागचं चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चाकाला फडकं लावणाऱ्यांची बोटं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडून तुटली आहेत. कितीही घाई असली तरी हे करू नका.

स्पोकच्या मधल्या सरळ भागावरचा गंज सगळ्यात आधी दिसतो, पण धोका तिथे कमी असतो. नीट बघायच्या जागा तीन. पहिली, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकातून बाहेर येताना स्पोक वाकतो तो कोपरा. दुसरी, निपलच्या तोंडाशी, जिथे आटे सुरू होतात. आट्यांमुळे तार तिथे आधीच बारीक असते आणि निपलच्या फटीत पाणी साचतं. तिसरी, दोन स्पोक एकमेकांना चाटून जातात ती जागा. तिथे घासून घासून मुलामा उडतो आणि धूळ ओल धरून ठेवते. या तिन्ही जागी टॉर्च मारून, पितळी ब्रशने हलकं झाडून बघा आणि नख फिरवा. नख गुळगुळीत सरकलं तर गंज वरचा आहे. अडकलं, खरखरलं, तर खड्डे आहेत.

व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) असेल तर मापही घ्या. चांगल्या जागी स्पोक ३.५ मिमी आणि गंजलेल्या जागी ३.२ मिमी भरला, तर ऐकायला फरक ०.३ मिमीचा वाटतो. पण तारेचं बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि ते क्षेत्रफळ इथे सुमारे १६ टक्क्यांनी घटलेलं असतं. खड्ड्यांचं नुकसान त्याशिवाय वेगळं.

मग लहान पान्याने एकेका स्पोकवर हलकेच टिचकी मारा. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल असलेला बद्द आवाज करतो. सैल निघालेल्यांवर खडूने खूण करा. मात्र एवढ्यावर विसंबू नका: आवाजावरून ताण कळतो, तारेची ताकद कळत नाही. आतून चिरलेला स्पोकही तुटेपर्यंत छान वाजू शकतो.

साफ करण्याआधी तुमचे स्पोक कशाचे आहेत ते ओळखा, कारण तिन्ही प्रकारांची तऱ्हा वेगळी. चकचकीत आरशासारखे असतील तर ते पोलादावर निकेल आणि क्रोमचा मुलामा दिलेले. त्या मुलाम्यात सूक्ष्म छिद्रं असतात, पाणी त्यातून खाली जातं आणि वर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. राखाडी, मंद चमकेचे असतील तर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः आधी गंजून पोलादाला वाचवतं, त्यामुळे पहिल्यांदा पांढरी भुकटी दिसते आणि जस्त संपलं की मग लाल गंज. स्टेनलेस स्टीलवर येतात ते बहुतेक वेळा नुसते तपकिरी डाग. चुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका. तार ओढून बनवताना चांगलं स्टेनलेसही थोडंफार चुंबकाला चिकटायला लागतं.

क्रोमवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ, त्यामुळे ओरखडे न पडता ठिपके निघतात. जिद्दी ठिपक्यांना अगदी बारीक, चार शून्यांचं स्टील वूल थोडं तेल लावून चालतं. जस्ताच्या स्पोकवर हात हलका ठेवा. राहिलेलं जस्तच त्या तारेचं संरक्षण आहे आणि जोर लावून चमक आणायला गेलात तर तेच घासून काढाल. नायलॉन ब्रश, साबणाचं पाणी आणि फक्त लाल भागापुरता पितळी ब्रश पुरे. स्टेनलेसला साधं स्टील वूल लावू नका. त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि काही दिवसांत तेच गंजून नवे डाग उठतात. तिथे नायलॉनचा स्क्रबर आणि धातूचं पॉलिश वापरा. काम करताना ब्रेकची डिस्क पिशवीने झाकून ठेवा. तेल किंवा पॉलिश डिस्कवर, पॅडवर किंवा टायरच्या रबरावर गेलं तर स्पोक राहतील बाजूला आणि ब्रेकच लागणार नाही.

ॲसिडबद्दल माझं मत ठाम आहे: स्पोकला नको. संडास साफ करायच्या द्रवातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज खातं, जस्त खातं, ॲल्युमिनियमची रिम आणि हबही खातं, आणि निपलच्या आट्यांत शिरलं की कितीही धुतलं तरी थोडं आत उरतंच. याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. ॲसिड आणि पोलादाच्या प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात मुरतो आणि तार ठिसूळ होते. जुन्या स्पोकना पुन्हा क्रोम करून घेण्यालाही माझा विरोध त्याचसाठी. मुलाम्याआधी ॲसिडमध्ये बुडवतात आणि मुलामा चढतानाही हायड्रोजन सुटतो. तो घालवायला मुलाम्यानंतर लगेच भाग काही तास भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात, आणि हे झालं की नाही ते तयार स्पोककडे बघून ओळखता येत नाही.

आता तुमचे न हलणारे निपल. इथे घाई केलीत की निपलचे कोपरे झिजतात किंवा स्पोक पिळवटून तुटतो. साधी पकड किंवा ॲडजस्टेबल पाना बाजूला ठेवा आणि नेमक्या मापाचा स्पोक पानाच घ्या. स्पोक निपलमध्ये शिरतो तिथे गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थेट सोडवायला जाऊ नका. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असं पाव फेऱ्याहून कमी, पुढेमागे हलवा. आट्यातला गंज असाच भुगा होऊन सुटतो. फिरवताना स्पोककडे लक्ष ठेवा. त्यावर मार्करने एक उभी रेघ ओढा. रेघ वळायला लागली तर निपल फिरत नसून तारच पिळली जातेय, तिथेच थांबा.

बाहेरून हलत नसेल तर टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढून आतल्या बाजूने तेल द्या. गरम हवेच्या गनने निपल तापवण्याचा उपायही लागू पडतो, पण तो ट्यूब बाहेर काढल्यावर आणि तेल पुसून टाकल्यावरच. ही खोलाखोल वाया जात नाही, कारण रिमच्या आतली स्थिती एरवी दिसतच नाही. पोलादी रिम असेल तर निपलच्या भोकांभोवती गंजाचे पापुद्रे सुटलेले असू शकतात आणि ते ट्यूब कापतात. रिमची भोकंच खाल्ली गेली असतील तर स्पोकचा विचार थांबवा. आधी रिम बदलावी लागेल. तुमचं चाक ट्यूबलेस असून आतून सील केलेलं असेल तर मात्र निपल स्वतः छेडू नका. सील फाटलं की हवा टिकत नाही.

बदलायचे किती? एखाददुसरा स्पोक खराब आणि बाकीचे नखाला गुळगुळीत लागत असतील, निपल फिरत असतील, तर तेवढेच बदला. कोपऱ्यावर किंवा आट्यापाशी खड्डे असलेले स्पोक चाकभर विखुरलेले असतील तर पूर्ण सेट निपलसकट बदला. सगळ्यांनी सारखंच ऊनपाणी पाहिलंय, एक गेला की दुसरा मागे असतोच. जे निपल कशानेच फिरत नाहीत ते स्पोक वरून कितीही चांगले दिसोत, मी त्यांना बाद धरतो. ज्याचा ताण पुढे कधीच जुळवता येणार नाही असा स्पोक चाकात ठेवून काय करायचं? तुमच्या वर्णनावरून तुमचं निदान एक चाक तरी या गटात मोडेल असं वाटतं.

सेट बदलणार असाल तर जुने स्पोक कटरने धडाधड तोडू नका. ताणलेली तार तोडली की तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा, आणि एकाच बाजूचे तोडत गेलात तर ओढ एकतर्फी होऊन रिमला ताण बसतो. जे फिरतात ते सगळे निपल चाकभर थोडे थोडे सैल करा, आणि उरलेले समोरासमोरचे तोडा. त्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. रिम नेहमीच हबच्या बरोबर मध्यावर नसते. आतून आणि बाहेरून येणाऱ्या स्पोकचा कोपरा वेगळा असू शकतो, काही चाकांत लांबीही वेगळी असते, तेव्हा त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आट्यांना थोडं ग्रीस लावून बसवा, म्हणजे पुढच्या वेळी हे निपल अडकणार नाहीत. रिमला नवा रंग देणार असाल तर निपल बसतात त्या खळग्यांत रंगाचा जाड थर ठेवू नका. तो दाबला जातो आणि स्पोक सैल पडतात.

स्पोक ओवणं जमलं तरी चाकाचा आऊट काढणं, म्हणजे फिरताना रिम डगमगणार नाही असे स्पोक जुळवणं, हे सवयीचं काम आहे. पहिलंच चाक असेल तर ते जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या, आणि रिम किती आऊट चालते तो आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून त्याला द्या. अनेक मॅन्युअलमध्ये तो २ मिमी असतो. आवळून झाल्यावर निपलच्या वर आलेली स्पोकची टोकं घासून सपाट करायला सांगा आणि रिमची पट्टी नवीच टाका.

साफ केलेल्या किंवा नव्या स्पोकवर गाडीचं साधं वॅक्स पुसून ठेवा. क्लिअर लॅकर मला पटत नाही. त्याला बारीक चीर पडली की पाणी खाली शिरतं आणि गंज झाकलेलाच वाढतो. प्रेशर वॉशरचा झोत निपल आणि हबच्या बेअरिंगवर धरू नका, आणि ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.

नवे स्पोक बसवल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर निपल आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा सगळ्या स्पोकवर पुन्हा टिचकी मारून बघा, सैल झालेले आवळा आणि रिम आऊट गेली आहे का तेही तपासा. तोवर वेगाने आणि ओझं लादून गाडी चालवू नका.