सन हाउस ऐकताना घाई करू नकोस

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, नव्यानं ऐकायला घेतोयस ना, मग सन हाउस या गायक-गिटारवादकाच्या १९६५ च्या 'फादर ऑफ फोक ब्लूज' या अल्बमपासून सुरुवात कर. १९३० साली रेकॉर्डिंग केलेला हा माणूस पुढे गिटार सोडूनच बसला होता. १९६४ मध्ये तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात सापडला, तेव्हा त्याचीच गाणी त्याला ॲलन विल्सन नावाच्या तरुण पोरानं पुन्हा आठवून दिली!

त्या अल्बममधलं 'डेथ लेटर' हेडफोन लावून ऐक. धातूच्या गिटारवर घासणारी स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी), तारेला बसणारा फटका, सगळं अंगावर येतं. लय मध्येच पुढे पळते, ती चूक समजू नकोस. साथीला कुणीच नाही, गळा नेईल तिकडे हात जातो. 'ग्रिनिन इन युवर फेस'मध्ये तर गिटारही नाही, नुसत्या टाळ्या. मला तेच सगळ्यात जवळचं. वाजवायला मात्र लगेच घेऊ नकोस, आधी महिनाभर नुसतं ऐक.