दहा पानांचा सौदा

"मॅडम, मोबाईल काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो. आणि पुस्तक दिलं की पाच मिनिटांत पोट दुखायला लागतं." हडपसरहून आलेली आई सांगत होती. मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमाचा. घरात सौदा ठरलेला: दहा पानं वाचली की अर्धा तास मोबाईल.

हा सौदा मला घरोघरी भेटतो आणि मुळीच आवडत नाही. मुलाला त्यातून एवढंच कळतं की मोबाईल म्हणजे मिठाई आणि वाचन म्हणजे आधी गिळायचं कारलं.

मी त्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला दिला. एरवी फडाफडा मराठी बोलणारा पोरगा 'निष्कर्ष'पाशी अडला, 'दुर्लक्ष'पाशी थांबला, मग माझ्याकडे बघेचना. पोटदुखी इथे होती. जोडाक्षरांची सवय नाही, आणि आजोबांनी हौसेने आणलेली पुस्तकं जाडजूड, बारीक टायपातली. आईला म्हटलं, कुठलंही पान उघडा, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

एवढं सांगूनही चूक मीच केली. रहस्यकथा हवी म्हणून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सरळ त्याच्या हातात दिला. आठवड्याने बघते तर खूण तिसऱ्याच पानावर. मग वाटणी केली. फेणे रात्री आईने वाचायचा आणि ऐन धोक्याच्या जागी पुस्तक मिटायचं. त्याला स्वतःला वाचायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मोफत मराठी गोष्टी. त्यांना चार पातळ्या आहेत. इयत्ता बाजूला ठेवून आम्ही दुसऱ्या पातळीपासून सुरुवात केली. बनेश फेणे फुरसुंगीचा हे कळल्यावर "म्हणजे आपल्या शेजारचाच!" म्हणून स्वारी खूश. एका रात्री आई झोपल्यावर त्याने पुढची दीड पानं स्वतः वाचली. दीडच, पण कुणी न सांगता.

मोबाईलचा अर्धा तास तसाच ठेवला, फक्त पानांची अट काढली. त्यातले काही दिवस बाबांच्या लॅपटॉपवर स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं, 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठीचं हे मोफत साधन. रंगीत ठोकळे जोडायचे की चित्रं हलतात, बोलतात. अकाउंट न उघडताही चालतं, त्यामुळे अनोळखी लोकांशी गप्पांची भानगड नाही. "कोडिंग शिकेल ना?" वडिलांनी विचारलं. शिकेलही. माझा डोळा संवादांच्या फुग्यांवर होता. पात्रांना मराठी बोलायला लावायचं तर मराठी टाईप करावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात तो लॅपटॉप घेऊनच आला. हरवलेल्या डब्याचं रहस्य, तीन संशयित. कुत्र्याच्या फुग्यात लिहिलं होतं, 'माझ्याकडे दुर्लक्ष करू नका.' आईने दोनदा चोर ओळखला, दोन्ही वेळा चुकली.

"नीट वाच ना गं," तो म्हणाला.